बावखलावरचा स्लॅब आणि माझी कंबर

मी चालायला लागल्यावर सगळे म्हणाले, शुभांगी, तू लिही, दुसऱ्यांना धीर येईल. आधीच सांगते, धीर द्यायला मी बसलेली नाही. धीर देणाऱ्यांची मला तेव्हाही चीड होती, आताही आहे. अकरा आठवडे मी उताणी पडून होते. त्या काळात माझ्या खाटेपाशी उभं राहून "सगळं छान होईल" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही माझ्याखाली कधी भांडं सरकवलं नव्हतं.

तरी लिहितेय, कारण कुणीतरी आत्ता असंच छताकडे बघत पडलं असेल आणि मोडलेल्या हाडाशिवाय आणखीही काहीतरी त्याला आतून खात असेल. मला खात होतं. त्यावर ना गोळी दिली कुणी, ना बेल्ट.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मुलगी, तेव्हा सव्वीस वर्षांची. आम्ही मूळचे राजापूरकडचे. वडील गेल्यावर आई, मी आणि दादा विरारला मनवेलपाड्यात एका खोलीच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि वसई-विरारमध्ये जिकडे बघावं तिकडे स्लॅब पडत होते. मला काम मिळालं उमेळ्यात, साइट इंजिनियरचं. केळीची आणि नारळाची वाडी तोडून तिथे चार मजली इमारत होणार होती. घमेली वाहणाऱ्या बायका होत्या साइटवर, पण हुकूम सोडणारी बाई मी एकटीच. ते बऱ्याच जणांना सोसत नव्हतं आणि ते मला दिसत होतं.

स्लॅबचा दिवस

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लॅब भरला की तो लगेच स्वतःच्या जिवावर उभा राहत नाही. ओलं काँक्रीट म्हणजे नुसतं वजन. ते घट्ट होईपर्यंत खालून लोखंडी प्लेटा आणि त्यांना टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या ते पेलत असतात. या सगळ्याला सेंटरिंग म्हणतात. पुढे काढूनच टाकायचं असतं, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. खांबातल्या सळया आमचा बिल्डर, म्हणजे शेठ, स्वतः मोजायचा. बल्ल्या कशावर उभ्या आहेत हे मात्र त्याने कधी वाकून पाहिलं नाही.

सेंटरिंगचं काम दामू मिस्त्रीकडे होतं. पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या स्लॅबच्या आदल्या दिवशी तो मला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथला भराव खचला होता. बल्ल्या आखूड पडत होत्या म्हणून प्रत्येकीखाली दोन-दोन विटा ठेवल्या होत्या.

"बाय, हितं पानी मुरतंय," तो म्हणाला. "रोज सकाली बल्ली ढिली लागते. खाली जाड फल्या टाकल्याबिगर ही ऱ्हायाची नाय. दोन दिस थांबा."

मी शेठला फोन केला. शेठ म्हणाला, उद्या नऊचा मुहूर्त काढलाय, जागामालकाची आई नारळ फोडायला येणार आहे, म्हातारीला परत कुठे सांगत बसू. मग म्हणाला, "घाबरलीस का? मी सगळ्यांना सांगत होतो, साइटला पुरुष माणूस हवा."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, विटा तर सगळ्याच साइटवर ठेवतात. संध्याकाळी रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात लिहिलं, सेंटरिंग तपासले, स्लॅब भरण्यास हरकत नाही. खाली सही केली. दामू बाजूलाच उभा होता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, नातवाचा हात धरून. शेठने पुढच्या खांबापाशी पाट मांडला होता. ती म्हणाली, "इथे नको. मागच्या कोपऱ्यात चला. तिथे आमचं बावखल होतं. आधी त्याला नारळ द्या, मग तुमचं काय ते बांधा."

बावखल म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळं. वसईत प्रत्येक जुन्या वाडीत एक असायचं, त्यातल्या पाण्यावर शिंपणं चालायचं. मी कामाला लागण्याआधीच त्या कोपऱ्याखाली बावखल बुजवलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इमारतीच्या खांबांचे पाये खोल गेले होते, त्यांना काही होणार नव्हतं. पण माझ्या बल्ल्या दोन महिन्यांपूर्वी डंपरने बुजवलेल्या तळ्यावर, विटांवर, उभ्या होत्या. म्हातारीने नारळ वाढवला आणि पाणी मातीवर ओतलं. तेवढ्यात मिक्सर सुरूही झाला.

थांबवा हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. शेठ पेढे वाटत होता. वरून माणसं हाका मारत होती. मी पेढा घेतला आणि खाल्ला.

स्लॅब भरताना एक मिस्त्री हातोडा घेऊन खाली फिरत असतो. बल्ली ढिली झाली की पाचर ठोकायची, हे त्याचं काम. त्या दिवशी दामूबरोबर मीही खाली गेले. लोक नंतर म्हणाले, किती शूर मुलगी. शूर कसली डोंबलाची. मला माहीत होतं म्हणून मी गेले. अर्धा स्लॅब भरला तेव्हा मागच्या कोपऱ्यात वीट फुटल्याचा आवाज झाला. दामू ओरडला, "बाय, भायेर." मी वळले. पुढचं मला आठवत नाही.

पाय हलवा

शुद्धीवर आले तेव्हा एक डॉक्टर माझ्या पायांशी उभे होते. "पाय हलवा," म्हणाले. मी हलवले. "हलवा," ते परत म्हणाले. मला वाटत होतं मी हलवतेय. डाव्या अंगठ्याशिवाय काही हललं नव्हतं.

कमरेतला मणका चेपला होता. नस दबली होती, तुटली होती की नाही ते सांगता येत नव्हतं. आईने विचारलं, चालेल ना हो पोरगी? डॉक्टर म्हणाले, "आज जो कुणी हो म्हणेल तो थाप मारतोय आणि जो नाही म्हणेल तोही." त्या सबंध आजारपणात मला आवडलेलं वाक्य हे एवढंच.

तिसऱ्या दिवशी कळलं की वर काँक्रीट टाकणाऱ्यांतला एक जण गेला. जनार्दन नाव. दामूचा मेहुणा, त्याच्या बायकोचा एकुलता एक भाऊ. दामूनेच त्याला कामाला आणलं होतं. दामूचा स्वतःचा डावा हात कोपरातून मोडला होता. हे मला आईच्या तोंडून कळलं, तेही ती शेजारणीला सांगत असताना. मला झोप लागलीय असं तिला वाटलं होतं.

पाचव्या दिवशी शेठ आला, बरोबर हवालदार आणि एक टाइप केलेला कागद. दादा खाटेशी उभा होता. कागदात लिहिलं होतं की दामू मिस्त्रीने मला न विचारता, न सांगता विटांवर बल्ल्या उभ्या केल्या. त्या रजिस्टरचं पान कुठे गेलं, मी विचारलं नाही आणि शेठनेही सांगितलं नाही.

"तू काही काळजी करू नकोस," शेठ म्हणाला. "तुझं नाव कुठे येणार नाही."

दादा म्हणाला, "सही कर, शुभा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी सही केली. उताणं पडून बॉलपेन चालत नाही, शाई मागे जाते. तीन वेळा झटकावं लागलं. म्हणजे विचार करायला मला पुरेसा वेळ होता, हे मी मुद्दाम लिहितेय. औषधांच्या गुंगीत होते वगैरे काही नाही. माझे पाय गेले होते आणि मला कुणाचा तरी राग करायचा होता. बल्ल्या दामूने लावल्या होत्या ना? मग भोगू दे त्याला. असं मी चक्क मनात म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला चोर मी होते.

अकरा आठवडे

पहाटे पाचला तापमान. मग कूस बदलायची, म्हणजे तीन माणसांनी एकदम ओंडक्यासारखं फिरवायचं, कारण पाठ वाकता कामा नये. मग लघवीच्या पिशवीचं माप. मग भांडं. मग परत छत. छताला नऊ पोपडे होते. एक पडला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

लाज पहिल्या आठवड्यात संपते. नवीन आलेल्यांना एवढंच सांगते, ती टिकवायला जाऊ नका, नुसता त्रास होतो. राग मात्र संपत नाही, आणि तो चुकीच्या माणसावर निघतो. माझा आईवर निघायचा. ती डब्यात पेज आणायची, मी ओरडायचे की गार आहे. ती जिवदानीला पाच मंगळवार बोलली, मी म्हटलं, तुझ्या देवीला आधी भराव तपासायला शिकव. बिचारी पदराने डोळे पुसायची आणि भांडी घासून परत जायची.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय लिहू. एक काकू म्हणाल्या, मुलीच्या जातीने कशाला चढायचं परांचीवर. मी परांचीवर नव्हते, खाली होते, पण त्यांना काय त्याचं. लांबच्या एका मामांनी विचारलं, आता स्थळांना काय सांगायचं. मी म्हटलं, सांगा की नवऱ्याच्या मागे लागणार नाही, पळताच येत नाही. मामा परत आले नाहीत. ते एक चांगलं झालं.

वॉर्डात आग्नेसमावशी होत्या. वसईतल्या होळी गावच्या, दिवसपाळीच्या आया. साठीला टेकलेल्या, गळ्यात क्रूस, तोंड भयंकर. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर खेकसले तर म्हणाल्या, "माझ्यावर ओरडू नको. मी तुला पाडली नाय." मग कुणी न सांगता माझ्या केसांत हात घालून बघितलं. केसांत अजून सिमेंट होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून शिकेकाई आणली, मानेखाली प्लॅस्टिक घातलं, त्याचं टोक बादलीत सोडलं आणि मग मगाने पाणी घालत पाऊण तास माझं डोकं धुतलं. सिमेंटच्या गाठी कात्रीने कापाव्या लागल्या. मी रडले. त्या म्हणाल्या, "रड. पण मान हलवू नको." दुखण्यात देव भेटतो म्हणतात. मला आग्नेसमावशी भेटल्या, आणि मला तेवढं पुरलं.

चौथ्या आठवड्यात उजवा अंगठा हलला. डॉक्टरांनी तीनदा हलवायला लावला आणि पहिल्यांदा हसले. आईने पेढे वाटले. मी तिला सांगितलं, माझ्यासमोर पेढा आणलास तर फेकून देईन. का ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

प्लास्टर काढायला आलेला माणूस

नवव्या आठवड्यात आग्नेसमावशी चादर बदलता बदलता म्हणाल्या, "तुझा तो मिस्त्री आलेला खाली. प्लास्टर काढलं. हात काय सरळ व्हायचा नाय आता."

मी छताचे पोपडे मोजायला लागले.

"एकटाच आलेला. मी विचारलं, बायको कुठाय? म्हणला, बोलत नाय. कुणीतरी तिला पोलिसाचा कागद वाचून दाखवला. मॅडमची सही हाय त्याच्यावर. आपल्याच नवऱ्याने आपला भाऊ मारला, असं तिच्या डोक्यात बसलंय. जेवण रांधते, ताट ठेवते आणि उठून जाते. एक शब्द नाय. तो म्हणतो, मी मॅडमला सांगितलेलं, थांबा म्हणून. पण त्याचं कोण ऐकणार, सांग."

मग त्यांनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "सांगितलेलं का त्याने?"

मी म्हटलं, "हो."

त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, उभं राहायचं. लोक माझी जिद्द जिद्द म्हणून कौतुक करतात ते याचं. मला खेळायचं नव्हतं की नाचायचं नव्हतं. मला पोलीस चौकीपर्यंत आणि मग त्या घरापर्यंत जायचं होतं. चिठ्ठी पाठवून भागलं नसतं. तिने आधीच एक सही बघितली होती माझी, दुसरीवर कशाला विश्वास ठेवला असता.

कमरेला लोखंडी पट्ट्यांचा बेल्ट, हातात वॉकर. पहिल्या दिवशी दोन पावलं टाकली आणि उलटी झाली. वेदना सहन होते हे खोटं आहे. ती होत नाही. आपण फक्त पुढचं पाऊल टाकतो आणि शिव्या देतो. मी मनातल्या मनात शेठला द्यायचे, मुहूर्त काढणाऱ्याला द्यायचे, आणि सगळ्यात जास्त त्या पेढा खाणाऱ्या मुलीला. मुहूर्त टळला तर दुसरा निघतो, पंचांग काही एका पानाचं नसतं. हे त्या सकाळी मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

मग निघा

घरी आल्यावर महिन्याभराने मी दादाला म्हटलं, मला चौकीत ने. तो भडकला. म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, डिप्लोमा जाईल, केस होईल, आईचा विचार कर. मी म्हटलं, रिक्षा आण, नाहीतर मी जिना एकटी उतरते. तो आणायला गेला.

चौकीतला तोच हवालदार म्हणाला, "मॅडम, आता कशाला उकरून काढताय? तुम्ही बऱ्या झालात ना?" मी म्हटलं, लिहा. तो पाऊण तास लिहीत नव्हता. मी पाऊण तास वॉकरला धरून उभी राहिले, कारण बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. शेवटी त्याने लिहून घेतलं. दामू मिस्त्रीने आदल्या दिवशी सांगितलं होतं. शेठने ऐकलं नाही. मी हरकत नाही म्हणून सही केली. सकाळी बावखलाचं कळलं, तरीही काम थांबवलं नाही. खाली सही केली, या वेळी उभ्याने. दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला की कामावर येऊ नकोस. जशी काही मी जाणारच होते. केस पुढे वर्षानुवर्षं रखडली, त्याबद्दल लिहून मी कागद वाया घालवत नाही.

चौकीतून परस्पर दामूच्या गावी गेलो. दुपारची वेळ होती. रिक्षा रस्त्यावरच थांबली, कारण पुढे बांधावरची वाट. दादाला मी तिथेच ठेवला.

दामू पडवीत बसला होता. डावा हात मांडीवर वाकडा पडलेला. मला बघून तो उठला नाही. आतून त्याची बायको बाहेर आली, सुमन. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

वाटेत मी काय काय जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "यांनी मला सांगितलं होतं. बल्ली राहणार नाही, दोन दिवस थांबा म्हणाले होते. मी ऐकलं नाही. कागदावर खोटं लिहिलेलं होतं आणि मी त्यावर सही केली. आज चौकीत खरं लिहून आले."

दामू जमिनीकडे बघत होता. मग बायकोकडे न बघता तो म्हणाला, "आयकलास?"

ती माझ्याकडे बघत होती. वॉकरकडे बघितलं, बेल्टकडे बघितलं, पायांकडे बघितलं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं.

"चालता येतंय ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"येतं."

"मग निघा."

मी वळले. वॉकर घेऊन वळायला फार वेळ लागतो, चार-पाच वेळा उचलून ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ ती तिथेच उभी होती. क्षमा मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तिच्या दारात उभं राहून आणखी काही मागायचा मला हक्क नव्हता. पडवीच्या पायरीवरून खाली उतरले, अंगणातून बांधाच्या वाटेला लागले. दादा लांबून धावत येताना दिसला.

अंगणाच्या टोकाशी असेन, तेव्हा मागून तिचा आवाज आला. माझ्याशी नव्हती बोलत. ती त्याला विचारत होती, भात वाढू का.